उंटाच्या पाठीवरची मोहीम

इलिनॉय राज्याचं सर्वोच्च शिखर पुण्याच्या लक्ष्मी रोडपेक्षा खाली आहे. हा शोध माझ्या सासऱ्यांचा. नेपरव्हिलच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर, वरणभात कालवता कालवता त्यांनी तो जाहीर केला. चार्ल्स माउंड नावाचं ते शिखर १,२३५ फुटांचं, म्हणजे ३७६ मीटर. पुणं ५६० मीटरवर. "म्हणजे तुमचं एव्हरेस्ट गाठायचं, तर आम्हाला पुण्यातून खाली उतरावं लागेल," अप्पा म्हणाले आणि त्यांनी ताकाची वाटी अशा समाधानाने तोंडाला लावली, की पुण्याची उंची त्यांच्याच कारकिर्दीत वाढली असावी.

नवऱ्याने त्यात भर घातली. शिकागोच्या विलिस टॉवरचा माथा समुद्रसपाटीपासून मोजला तर चार्ल्स माउंडच्या कितीतरी वर जातो, तेव्हा या राज्यात सर्वांत उंच जायचं तर लिफ्टने जावं. शिवाय ते शिखर खासगी जमिनीत आहे आणि वर्षातल्या ठरावीक शनिवार-रविवारीच लोकांना वर सोडतात.

"शिखराचा सातबारा निघतो?" अप्पांनी विचारलं. त्यानंतर त्यांनी चार्ल्स माउंडचा विषय काढला नाही.

अप्पा म्हणजे दर रविवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्या जमातीतले. नोकरीत होते तेव्हाही, आणि निवृत्तीनंतर तर अधिक नेमाने. त्यांचं चढणं हे केवळ चढणं नसतं. पायथ्याशी ओळखीच्यांना नमस्कार, मध्यावर तरुणांना मागे टाकणं, वर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी आणि कांदाभजी, आणि घरी आल्यावर 'हल्लीच्या पोरांना दम नाही' असा साप्ताहिक अहवाल. असा माणूस सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या वस्तीभोवती फेऱ्या मारून पाहिल्या. रस्ता सपाट, हिरवळ सपाट, पावसाचं पाणी साठवायला खणलेलं तळं, तेही एका पातळीत. "इथे पाण्याने कुठल्या बाजूला वाहायचं, हे ठरवायला मीटिंग घेत असतील," ते म्हणाले. त्यांची थट्टा चालू राहिली, तरी चेहरा उतरलेला दिसायला लागला. जिने दिसले की उगाचच चढून यायचे.

म्हणून आम्ही त्यांना शेजारच्या वॉरनव्हिलला, ब्लॅकवेलच्या राखीव रानातल्या माउंट हॉयवर नेलं. नावात माउंट आहे म्हटल्यावर अप्पांनी पुण्याहून आणलेले ट्रेकिंगचे बूट चढवले. दीडशेएक फुटांची टेकडी. ते भराभर वर गेले, कमरेवर हात ठेवून चारी दिशा न्याहाळल्या, लांबवर धूसर शिकागो दिसतंय म्हणाले, प्रसन्न झाले. आणि नेमका तेव्हाच माझ्या नवऱ्याचा माहितीचा झरा फुटला. ही टेकडी साठ-सत्तरच्या दशकांत माणसांनी उभी केली, तीही कचऱ्याची. कचऱ्याचा थर, त्यावर मातीचा थर, पुन्हा कचरा.

अप्पांनी पायाखाली पाहिलं. "म्हणजे मी उभा आहे तो फुरसुंगीच्या कचरा डेपोवर?"

उतरताना ते एक अक्षर बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, की त्यांना माणसाने केलेला नाही, देवाने केलेला चढ हवा आहे. लहान असला तरी चालेल.

देवाचा नाही, पण बर्फाचा चढ आमच्या लेकीने शोधला. ती सातवीत आहे आणि शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आली होती. मॅकहेन्री काउंटीत, विस्कॉन्सिनच्या सीमेजवळ, रिंगवुड नावाच्या छोट्या गावापाशी 'ग्लेशियल पार्क' आहे. तीन हजार एकरांहून मोठं. त्यात माळरान, ओकची विरळ रानं, दलदली, मधून फिरणारा निपरसिंक नावाचा ओढा, आणि हिमयुगातल्या बर्फाने रचून ठेवलेल्या टेकड्या. त्यातल्या मुख्य टेकडीचं नाव कॅमलबॅक केम. उंटाची पाठ.

"बर्फ टेकडी रचतो कसा?" अप्पा म्हणाले. "बर्फ वितळतो. इंजिनीअर आहे मी."

तेव्हा लेकीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आदल्या रात्रीच तिने माझ्या मोठ्या पातेल्यात पाणी गोठवून ठेवलं होतं, मधे वाटी ठेवून भोक पाडलेलं. ती लादी तिने परातीत ठेवली आणि त्या भोकातून रवा-पाणी ओतायला लागली. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी, ती सांगत होती, हा सगळा प्रदेश शेकडो फूट जाड बर्फाखाली होता. हवा तापत गेली तशा बर्फावरून वितळल्या पाण्याच्या नद्या वाहायला लागल्या. बर्फाच्या भेगांमधून, भोकांमधून त्या खाली कोसळायच्या आणि सोबत आणलेली वाळू आणि गोटे तळाशी टाकायच्या. वर्षानुवर्षं ढीग साठत गेले. बर्फ गेला, ढीग राहिले. त्यांना केम म्हणतात. लादी वितळेपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. मग परातीत खरोखरच रव्याची एक टेकडी उभी होती, एका अंगाला ढासळलेली, पण ऐटदार.

दुसऱ्या ताटात तिने बर्फाचे खडे रव्यात पुरले होते. खडे वितळले तसे वरचे रव्याचे थर खचले आणि त्यात पाणी साचलं. हे केटल. मागे हटणाऱ्या बर्फाचे प्रचंड तुकडे असेच गाळात गाडले गेले आणि वितळल्यावर त्यांच्या जागी खड्डे पडले. पार्कातली कितीतरी तळी नि दलदली म्हणजे हेच खड्डे.

अप्पांनी दोन्ही ताटांचं वरून, बाजूने, चष्मा काढून आणि घालून निरीक्षण केलं. "आपला सह्याद्री लाव्हाचा. साडेसहा कोटी वर्षांचा," ते म्हणाले. "हे पंधरा हजार. म्हणजे कालचं पोर." पण आवाजात मान्यता होती.

"झालं का तुमचं हिमयुग?" सासूबाईंनी विचारलं. "मग या ओल्या रव्याचं काय करू ते सांगा."

रात्री उपमा झाला. त्यात आणखी केटल पाडून लेकीने साजूक तूप ओतलं.

इथून पुढे खरं तर एक शनिवार धरून, पाण्याच्या बाटल्या घेऊन निघायचं होतं. उंटाची ती पाठ ज्या डीअरपाथ नावाच्या वाटेवर येते, ती वाट सगळी मिळून दोनेक मैलांची. पण माझा नवरा प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याच्या मते ज्या कामाला शीट नाही, ते काम होतच नाही. त्याने शीट उघडली, मग व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडला, मग ज्यांचे आईवडील यंदा इकडे आलेले आहेत अशी सगळी घरं त्यात ओढली. ग्रुपचं नाव 'हिमवीर'. बघता बघता दोन मैलांच्या पायवाटेवर मावतील त्यापेक्षा जास्त हिमवीर जमले.

त्यातल्या एका काकांनी पहिल्याच रात्री फोटो टाकले: निळी सरोवरं, बर्फाचे कडे, कड्यावर उभी असलेली रानबकरी. वर लिहिलं होतं, 'इथे जायचंय!!' खाली सगळ्यांचे हात जोडलेले. ते फोटो मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचे होते, जे १९१० सालापासून आपल्या जागी आहे आणि आमच्या जागेपासून हजार मैलांहून लांब. पण दुरुस्ती पोहोचण्याआधी फोटो पोहोचले. दोन घरांनी लोकरीच्या टोप्या काढल्या. एका घरात अस्वलाच्या तोंडावर मारायचा फवारा येऊन पडला. इलिनॉयमध्ये अस्वलांची वस्तीच नाही, हे मी त्या वहिनींना फोन करून सांगितलं. "असू दे गं," त्या म्हणाल्या, "आता परत पाठवायचा कंटाळा. कोल्हा-बिल्हा आला तर?" त्यांच्या मुलाने तो फवारा कुलपात ठेवला, कारण त्याच्या वडिलांना तो डासांचा वाटत होता.

तारीख ठरवण्याचं प्रकरण तर पंचांगापर्यंत गेलं. जुलैत विजा आणि डास. ऑगस्टमध्ये श्रावण, सासूबाईंचे उपास आणि ग्रुपातल्या निम्म्या घरांत सत्यनारायण. सप्टेंबरात गणपती. इथले गणपती घरी तिथीने येतात, पण मंडळाचे हॉलच्या बुकिंगप्रमाणे येतात, तेव्हा एक सोडून दोन शनिवार गेले. मग पितृपक्ष. पितृपक्षात नवीन कार्याला हात घालू नये, हे सर्वांना मान्य. पण टेकडी चढणं हे कार्य आहे की करमणूक, यावर ग्रुपात तीन दिवस ऊहापोह चालला. नागपूरच्या एका आजोबांनी निर्णय दिला, की टेकडी जुनी असली तरी आपलं चढणं नवीन आहे, सबब वर्ज्य. नवरात्रात उपासाच्या बायकांना चढवेल का, असा प्रश्न पुरुषांनी काढला. उपास करून स्वयंपाक करवतो, तर टेकडी का चढवणार नाही, असं उत्तर बायकांनी दिलं आणि त्या चर्चेला तिथेच पूर्णविराम मिळाला. नोव्हेंबर शक्यच नव्हता, कारण दिवाळीला अप्पा पुण्यात हवेत; किल्ला त्यांनाच करायचा असतो.

शेवटी दसऱ्यानंतरचा शनिवार निघाला. ओकची पानं तेव्हा तांबूस होतात, डास थंडीने मरतात, गवत पूर्ण उंचीवर असतं. अप्पांना मात्र वेगळंच कारण पटलं. पार्क राज्याच्या सीमेजवळ आहे. "सीमोल्लंघन!" ते म्हणाले. "पहाटे चारला निघू."

पार्क उजाडल्यावर उघडतं आणि ऑक्टोबरात इथे सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. सूर्याने इतकं उशिरा उठावं आणि कुणी काही बोलू नये, हे त्यांना या देशाच्या एकूण शिस्तीशी विसंगत वाटलं.

धोक्यांचा रकाना नवऱ्याने लाल रंगाचा केला होता. पहिला धोका: गोचीड. इथल्या गवतात हरणांच्या अंगावरच्या गोचिडी असतात. त्यांची पिल्लं खसखशीएवढी, चावली तरी कळत नाही, आणि त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून फिकट रंगाचे कपडे घालायचे, म्हणजे काळा ठिपका दिसतो. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे. पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही. घरी आल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानामागे, केसांत तपासायचं. सासूबाई ऐकून थक्क झाल्या. "गोचीड म्हशीला होते," त्या म्हणाल्या. "माणसाच्या पोटरीला चिकटते? मग आमच्या गोठ्यातल्या म्हशी बऱ्या. त्यांना निदान कुणी मोजे घालायला सांगत नव्हतं." अप्पांनी मोज्यात पँट खोचून आरशात पाहिलं आणि ते एनसीसीच्या दिवसांत गेले. त्यानंतर चार दिवस ते घरातही तसेच वावरले.

दुसरा धोका सासूबाई स्वतः होत्या, हे शीटमध्ये लिहिता येईना. जगात कुठेही हिरवं पान दिसलं की त्या ते खुडतात, चुरगाळतात आणि हुंगतात. अर्ध्या झाडांची त्यांना भाजी येते, उरलेल्या अर्ध्यांचा काढा. आणि इथे प्रत्येक रानाच्या कडेला पॉयझन आयव्ही असते. ती वेल असते, झुडूप असते, जमिनीलगत पसरलेलीही असते. तिच्या रसाने अंगावर पुरळ उठतं, फोड येतात आणि आठवडा दोन आठवडे माणूस स्वतःला खाजवत हिंडतो. ओळख एकच: देठाला तीन पानं, मधलं जरा लांब देठाचं. मी फोटो दाखवला.

"अगं, हा तर बेलच!" त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला, की मला कापरं भरलं.

मी त्यांना शपथ घातली. लेकीने आजीला एकेक फोटो दाखवून परीक्षा घेतली. नवऱ्याने उपाय म्हणून रबरी हातमोजे सुचवले. पळसाला पाने तीनच, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यातली तीन पानं आपल्यावर इलिनॉयमध्ये उलटतील, असं वाटलं नव्हतं. पार्कात कसलंही पान-फूल तोडायला बंदी आहे, हा नियम सांगितल्यावर मात्र सासूबाई खरोखरच नरमल्या. नियम मोडला तर दंड होतो आणि दंड डॉलरमध्ये असतो, एवढं त्यांना पुरलं.

आता माळरानाबद्दल. माळ म्हटल्यावर अप्पांना सोलापूरकडचा माळ आठवला: गुडघ्याला लागेल न लागेल असं गवत, धोंडे, एखादी बाभूळ, आणि नान्नजला माळढोक बघायला गेल्यावर तो न दिसल्याची कथा, जी आम्ही सगळ्यांनी पाठ केलेली आहे. इथलं गवत वेगळं. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत उन्हाळ्याअखेर माणसाच्या डोक्यावरून जातं आणि त्याची मुळं जमिनीत तितकीच, कधी जास्तही, खोल जातात. कंपास प्लँट नावाची एक पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. तिची पानं उन्हापासून बचाव म्हणून कडा उत्तर-दक्षिण करून उभी राहतात. म्हणजे माळावर वाट चुकली तर तिला विचारावं. माझ्या नवऱ्याला विचारू नये, कारण तो जीपीएसला विचारतो.

या राज्याचा मोठा भाग एकेकाळी असाच होता. अजूनही गाड्यांच्या नंबरप्लेटवर नाही तरी लोकांच्या तोंडी इलिनॉय 'प्रेअरी स्टेट'च आहे. दोन कोटी एकरांहून जास्त माळ होता म्हणतात. वस्ती करायला आलेल्या शेतकऱ्यांच्या लाकडी-लोखंडी नांगरांना ही मुळं आणि ही चिकट काळी माती दाद देत नव्हती. मग १८३७ साली याच राज्यातल्या ग्रँड डेटूर गावात जॉन डीअर नावाच्या लोहाराने तुटक्या करवतीच्या पोलादाचा गुळगुळीत फाळ केला, माती त्याला चिकटेना, आणि माळाचे दिवस भरले. आज मूळचा, कधीच न नांगरलेला चांगला माळ एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही उरलेला नाही. बाकी मका आणि सोयाबीन. त्या फाळाच्या चार वर्षं आधी, १८३३ मध्ये, शिकागोच्या तहाने इथल्या मूळ रहिवासी पोटावाटोमी लोकांची उरलीसुरली जमीन काढून घेतली होती. माळाला अधूनमधून आग लावून तो तरुण ठेवण्याची रीत त्या लोकांची होती. ते गेले, वणवे थांबले, आणि न नांगरलेल्या तुकड्यांवर झुडपांनी चढाई केली. त्यात बकथॉर्न नावाचं युरोपातून कुंपणासाठी आणलेलं झुडूप सर्वांत लोचट.

त्यामुळे आज ग्लेशियल पार्कात जे रान दिसतं, त्यातलं बरंचसं कुणीतरी बसून आखलेलं आहे. गवताचं बी गोळा करतात आणि पेरतात. ("आम्ही जन्मभर तण उपटलं, आणि हे पेरतात?" इति सासूबाई.) बकथॉर्न तोडायला सुट्टीच्या दिवशी माणसं आपणहून जातात. आणि वाऱ्याची दिशा बघून, हातात पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन, माळाचा एकेक पट्टा आलटून पालटून रीतसर पेटवतात. गवताची मुळं खोल, ती वाचतात; बर ओकची साल जाड, तोही वाचतो; बकथॉर्न होरपळतं. अप्पांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी आमच्या मागच्या हिरवळीकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. मी काडेपेटी वरच्या फळीवर ठेवली.

पण कहर आहे तो निपरसिंक ओढ्याचा. मूळचा ओढा नागमोडी. गेल्या शतकाच्या मध्यावर शेतीच्या सोयीसाठी तो खणून सरळ केला. पाणी झटकन निघून जावं, जमीन कोरडी व्हावी. पाणी झटकन गेलं. जाताना काठही खरवडून घेऊन गेलं, मासे-शिंपल्यांचे आडोसे घेऊन गेलं, खालच्या अंगाला पूर घेऊन गेलं. मग शतक संपता संपता पार्क सांभाळणाऱ्या मंडळींनी यंत्रं लावली, सरळ चर बुजवला आणि ओढ्याला त्याची वळणं परत दिली. मैलभराहून लांब पट्टा माणसांनी मापं घेऊन वाकडा केला. आता पाणी रेंगाळतं, दलदलीत पसरतं, क्रौंच उतरतात.

अप्पा हे ऐकून बराच वेळ हसत होते. त्यांनी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आहे. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, अशी आपली म्हण," ते म्हणाले. "इथे शेपूट सरळ निघालं, आणि वाकडं करायला पुन्हा टेंडर काढावं लागलं!" आणि मग जरा थांबून, "कामाचं एस्टिमेट बघायला मिळेल का?" मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांची टेकडीवरची नजर ढळली आणि ओढ्यावर बसली. त्यांनी लेकीकडून नकाशा छापून घेतला, वळणं मोजली, आणि आपण असतो तर तिसरं वळण कुठे घेतलं असतं, ते लाल पेन्सिलीने काढून ठेवलं.

इथलं रान असं कागदावर आखून वाढवलेलं. आमचा कागद मात्र रानासारखा वाढत गेला. शीटचे रकाने पडद्याबाहेर गेले. पार्कात पॉवर्स-वॉकर हाउस नावाचं १८५४ सालचं घर जतन केलेलं आहे; ते पाहायला अर्धा तास. ("१८५४? तेव्हा पेशवाई बुडून छत्तीस वर्षं झाली होती. अर्धा तास कशाला, दहा मिनिटं पुरे.") लॉस्ट व्हॅली नावाचं माहिती केंद्र आहे, तिथे अर्धा तास. तिथे स्वच्छतागृह आहे हे मी ठळक अक्षरांत घातलं, कारण 'सोय आहे ना?' या एका प्रश्नाची पन्नास रूपं ग्रुपावर रोज उगवत होती. एका आजींनी निघताना अरोराच्या बालाजीचं दर्शन घेऊन मग पुढे जाऊ असं सुचवलं. अरोरा आमच्या पश्चिमेला, पार्क उत्तरेला. पण बालाजीला नाही कोण म्हणणार? नवऱ्याने शीटमध्ये 'पर्याय ब' असा नवा तक्ता उघडला आणि तो कधीच भरला नाही. व्यवस्थापन म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

खाण्याचा तक्ता मात्र भरला. तो शीटमधला एकमेव तक्ता, ज्यात कुणाचंही दुमत नव्हतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे, दाण्याची चटणी, लसणाची चटणी, दाण्याची लसणाची चटणी, भडंग, दोन प्रकारचे चिवडे, बेसनाचे लाडू, गुळपापडी, थर्मासात चहा, दुसऱ्या थर्मासात बिनसाखरेचा चहा. दोन मैलांच्या चालण्यात माणूस जेवढं खर्चतो, तेवढं आमच्यातला प्रत्येक जण गाडीतून उतरण्याआधीच कमावणार होता. तरी अप्पांचं समाधान होईना. वर पिठलं-भाकरी नसेल तर चढायचं कशासाठी, हा त्यांचा मूलभूत प्रश्न. केमवर सिंहगडासारखी टपरी नाही, रानात चूल मांडता येत नाही, माळ पेटवायचा हक्क फक्त पार्कवाल्यांना आहे, हे सगळं सांगून झालं. "मग घरून न्यायचं," अप्पा म्हणाले. "गरम राहील असं. आणि कांदा फोडायला बुक्की मारायला जागा बघून ठेवा."

दसरा झाला. सोनं म्हणून आपट्याऐवजी मेपलची पानं वाटली. शुक्रवारी रात्री आठ वाजता नवऱ्याने 'अंतिम' असं नाव दिलेली शीट सगळ्यांना पाठवली. त्याआधीच्या शीटचं नाव 'अंतिम अंतिम' होतं. मी ती पहिल्यांदाच शांतपणे वाचली. 'जबाबदारी' नावाचा रकाना होता. अप्पांच्या नावापुढे 'मार्गदर्शन'. नवऱ्याच्या नावापुढे 'समन्वय'. नागपूरच्या आजोबांपुढे 'मुहूर्त'. बाकी पुऱ्या, पाणी, प्रथमोपचार, मोजे, टोप्या, गोचीड काढायचा चिमटा, सासूबाईंवर लक्ष, आणि सर्वांत शेवटी 'पिठलं-भाकरी, गरम, दुपारी १ वाजता, टेकडीच्या माथ्यावर' या सगळ्या ओळींपुढे एकच नाव होतं, आणि ते माझं होतं.

शीटला एक चांगली सोय आहे. तिच्यात बदल करता येतो, आणि नाव बदललं की त्या माणसाला आपोआप ईमेल जातं. मी शेवटच्या ओळीत नवऱ्याचं नाव घातलं, दिवे मालवले आणि झोपायला गेले.

अकराच्या सुमाराला तो खोलीच्या दारात उभा. हातात फोन.

"अगं, पिठल्याला डाळीचंच पीठ लागतं ना? ते कुठे असतं आपल्याकडे?"

"शीटमध्ये प्रश्नांचा वेगळा रकाना आहे," मी म्हणाले. "तिथे लिहून ठेव."